इंजिन टांगले आहे, खाली जाऊ नका!



गळीत हंगाम संपला, तोडणी मजूर गावी परतले, वाहतुकीचे करार मिटले, की आपल्या अंगणात दुसरा हंगाम सुरू होतो. तो दुरुस्तीचा. हंगामभर राबलेला ट्रॅक्टर, ऊस ओढणारा ट्रक, बांधावरचे जुने डिझेल इंजिन, घरची जीप नाहीतर मोटार. कुणाचे ऑइल जळते, कुणाचे रिंग-पिस्टन गेलेले असते. गॅरेजला न्यावे तर गाडी ओढून न्यायचाच खर्च मोठा, आणि तिथे नंबर लागायचा कधी? मग मिस्त्रीलाच घरी बोलवायचे आणि शेडात किंवा झाडाखाली इंजिन उतरवायचे, ही आपली रीत. ती वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण इंजिन उतरवण्याच्या त्या अर्ध्या तासात आपण जिवाचा जो जुगार खेळतो, त्याविषयी या अंकात स्पष्ट बोलायचे आहे. आमचे मत थोडक्यात असे: टांगलेले वजन म्हणजे ठेवलेले वजन नव्हे; आणि ते नीट उचलायचे साधन एकट्या सभासदाला परवडत नसेल, तर ते सहकाराने पुरवले पाहिजे.

आज घरोघर काय चालते ते सर्वांना ठाऊक आहे. शेडच्या कैचीला नाहीतर लिंबाच्या फांदीला विहिरीचा नाडा बांधायचा, उसनी आणलेली चेन कप्पी अडकवायची, आणि शेजारची चार पोरे हाक मारून गोळा करायची. कुणी म्हणाले, "अहो, फांदी पेलंल का?" तर उत्तर तयार, "आमच्या आज्यापासून याच फांदीला उचलतोय, आजच काय होतंय?" आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात असेच चालले असताना नाड्याची गाठ सरकली. इंजिन खाली आले ते धरून उभ्या असलेल्या पोराच्या पावलावर. पोरगा वाचला, पाऊल गेले. इंजिन पंधरा दिवसांत दुरुस्त होऊन चालू झाले, पोराचे चालणे काही पहिल्यासारखे झाले नाही.

आता आपल्याच कारखान्यात पाहा. बंद हंगामात मिलचा रोलर काढतात तेव्हा ओव्हरहेड क्रेन येते, आवाज देऊन माणसे बाजूला करतात, वजनाखालून कुणी जात नाही. ही शिस्त आपोआप आलेली नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २९ ने उचलण्याची यंत्रे, साखळ्या व दोर यांसाठी नियम घालून दिले. त्यांच्यावर किती वजन चालते ते लिहिलेले असावे, त्याहून जास्त लादू नये, आणि जाणकार तपासणीसाकडून १२ महिन्यांतून एकदा तरी कसून तपासणी व्हावी. हे नियम होण्याआधी मजुरांचे हातपाय किती गेले असतील याचा विचार करावा. तोच आपला कामगार संध्याकाळी घरी येतो आणि तपासणी न झालेल्या कप्पीखाली वाकून इंजिनाचे बोल्ट सोडवतो. कारखान्याच्या फाटकाच्या आत त्याचा जीव मोलाचा आणि अंगणात मात्र स्वस्त, असे का असावे?

येथे डहाणू-तलासरीची गोष्ट सांगणे जरूर वाटते. तो मुलूख उसाचा नाही. डहाणू-घोलवडचा चिकू, भातशेती आणि किनाऱ्यावरची मासेमारी यांचा तो मुलूख. पण आपल्याकडची साखर घेऊन गुजरातेत जाणाऱ्या गाड्यांना मुंबई-अहमदाबाद रस्त्याने चारोटी आणि तलासरीवरूनच पुढे जावे लागते, त्यामुळे आपल्या ट्रकवाल्या सभासदांना ही नावे पाठ आहेत. रस्त्याच्या कडेला ट्रकची इंजिने उतरतात. किनाऱ्यावर पावसाळी मासेमारी बंदीत बोटी वर ओढल्या की त्यांच्याही पोटातून इंजिने बाहेर काढावी लागतात. म्हणजे आपल्यासारखाच त्यांचाही बंद हंगाम आणि आपल्यासारखेच टांगते वजन.

फरक एक. तिथे जमिनीनेच धडा दिला. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के सुरू झाले. जमिनीखालून गडगडाट व्हायचा आणि घर हादरायचे. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यांतला मोठा ४.१ तीव्रतेचा होता. लोक थंडीत घराबाहेर झोपले, सरकारने तंबू दिले. धक्क्यांची ही मालिका एका दिवसात आटोपली नाही, पुढेही ती चालू राहिली. त्या भागातल्या एका वयस्क मिस्त्रीची रीत आम्हांला फार पटली. इंजिन वर गेले की तो चहालासुद्धा जात नाही. आधी इंजिन जमिनीवर टेकवायचे, मग चहा. विचारले तर म्हणाला, "साखळीचा भरवसा धरला असता, पण खालच्या जमिनीचा कसा धरू?"

आपण म्हणाल, आपल्याकडे कुठे रोज धक्के बसतात? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झाले ते कुणाला सांगून झाले नव्हते. शिवाय टांगलेले इंजिन हलायला भूकंपच लागतो असे नाही. पोराचा धक्का पुरतो, वाऱ्याने शेड हलली तरी पुरते, गाडी एक बोट मागे सरकली तरी पुरते. तलासरीच्या मिस्त्रीला जे जमिनीने शिकवले ते आपण अपघाताने का शिकावे?

आता थोडा हिशेब मांडू. छोट्या पेट्रोल मोटारीचे इंजिन साधारण शंभर किलोच्या आसपास असते, जीपचे डिझेल इंजिन दोनशेच्या वर जाते, आणि ट्रकचे चारशे-पाचशे किलो किंवा त्याहून अधिक. गिअरबॉक्स लागलेली असेल तर वजन आणखी वाढते. आपल्या भाषेत, जीपचे इंजिन म्हणजे साखरेची ५० किलोची चार पोती एका आकड्याला. एवढे वजन सावकाश उचलले तर दोराला तेवढेच लागते. पण ढिल्या दोरावर ते एकदम आले तर ताण दुपटीवर जातो, आणि वितभर निसटून पुन्हा अडकले तर किती होईल ते विचारू नका. नाडा काल टिकला म्हणून आज टिकेल असे नाही, ते याचमुळे.

दुसरी गोष्ट दोराच्या कोनाची. इंजिनाला दोन बाजूंनी साखळी लावून वर एका आकड्यात घेतो, तेव्हा पुष्कळांना वाटते की वजन निम्मे-निम्मे वाटले गेले. तसे होत नाही. वजन ३०० किलो धरा. साखळीचे फाटे आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर सुमारे १७३ किलो ताण येतो. ४५ अंशांत तो २१२ किलो होतो. आणि साखळी आखूड पडली, फाटे पसरून ३० अंशांवर आले, तर प्रत्येक फाट्यावर पुरे ३०० किलो! म्हणून साखळी लांब घ्यावी, फाटे उभे ठेवावेत, आणि ती इंजिनाच्या उचलायच्या कड्यांनाच लावावी. मॅनिफोल्डला किंवा हाताला लागेल त्या बारीक बोल्टला लावू नये.

तिसरी गोष्ट, वजन कशाला टांगायचे. शेडची कैची पत्र्याचे वजन आणि वारा धरून बांधलेली असते. मधोमध एका जागी चार पोती लटकतील असा विचार तिच्यात नसतो. झाडाच्या फांदीला आतून कीड लागलेली बाहेरून दिसत नाही. तीन बल्ल्यांची तिकटी त्यापेक्षा बरी, पण तिचे पाय फाकतात. पाय खड्ड्यात बसवावेत, तिन्हींना एकमेकांशी साखळीने जखडावे, आणि वजन तिन्ही पायांच्या मधेच राहील असे पाहावे. वजन तिरपे ओढले की तिकटी आडवी झालीच. विहिरीच्या यारीवर काम केलेल्यांना हे शिकवायला नको.

सर्वांत बरी ती चाकांची घडीची इंजिन क्रेन. हाताने पंप मारला की तिचा दांडा वर जातो. मात्र तिच्यावर '२ टन' लिहिलेले असते ते दांडा आखूड असतानाचे. दांडा जसजसा लांबवावा तशी तिची ताकद घटते. पुष्कळ क्रेनींत शेवटच्या भोकावर ती अर्ध्या टनावर येते. तिची चाके अंगणाच्या मातीत रुततात, म्हणून तिला काँक्रीटची सपाट जमीन लागते. आणि तिचा दांडा तेलाच्या दाबावर उभा असतो. सील गेले की तो हळूहळू खाली येतो. क्रेन उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी वेगळा शब्द. बहुतेक ट्रॅक्टरला मोटारीसारखी चासी नसते, इंजिन हाच त्याचा कणा असतो. ट्रॅक्टर मधोमध फोडताना पुढचा आणि मागचा असे दोन्ही भाग निराधार होतात. दोन्हींखाली पक्क्या घोड्या लागतात, आणि पुढचा आस डोलू नये म्हणून दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकाव्या लागतात. नुसत्या जॅकवर किंवा रचलेल्या विटांवर ट्रॅक्टर फोडणे म्हणजे आत्मघात आहे.

हे सारे साहित्य एकट्याने घ्यायचे म्हटले तर पाच वर्षांतून दोनदा लागणाऱ्या वस्तूसाठी कोण पैसे घालील? म्हणूनच आमची सूचना अशी आहे. प्रत्येक गट कार्यालयात एक २ टनी घडीची क्रेन, एक तपासलेली चेन कप्पी, वजन लिहिलेल्या साखळ्यांचे दोन जोड आणि चार घोड्या असाव्यात. सभासदाने नाव नोंदवून त्या न्याव्यात आणि दोन दिवसांत परत आणाव्यात. कारखान्याच्या उचल-साहित्याची वार्षिक तपासणी ज्या जाणकाराकडून होते, त्याच्याकडूनच याही साहित्याची करून घ्यावी. आणि बंद हंगामात आपल्या वर्कशॉपच्या फोरमननी गावोगावच्या मिस्त्रींना एक दिवस प्रत्यक्ष काम दाखवावे.

यावर आक्षेप येणार हे आम्ही जाणतो. पहिला आक्षेप, "कारखान्यानं ऊस गाळावा, ह्या भानगडी कशाला?" पण बियाणे, खते, माती परीक्षण हीसुद्धा कधीकाळी कारखान्याची कामे नव्हती. सभासदाचे हात शाबूत राहिले तरच ऊस फाटकापर्यंत येतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. अशी एक क्रेन चांगल्या दुभत्या म्हशीपेक्षा स्वस्तात येते, आणि एका गटात शेकडो सभासद असतात. तिसरा आक्षेप आम्हांलाही मान्य आहे, "म्हणजे ऊस बिलातून आणखी एक कपात!" तशी कपात मुळीच नको. ज्याने वापरले त्याने नाममात्र भाडे रोख भरावे, ज्याने वापरले नाही त्याला तोशीस नाही. चौथा आक्षेप, साहित्य मोडेल, हरवेल. मोडेलही. मोडलेली साखळी बदलता येते.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हा विषय यावा, यासाठी सभासदांनी आपापल्या गटातून लेखी सूचना पाठवाव्यात. पोटनियमात बसते की नाही ते संचालक मंडळ पाहील. मागणी सभासदांकडून आली पाहिजे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर यंदाच्या उन्हाळ्यात ज्यांना इंजिन उतरवायचेच आहे, त्यांनी निदान एवढे पाळावे. आधी बॅटरीची तार सोडावी. पाणी, ऑइल व डिझेल काढून घ्यावे. चाकांना ओंडके लावावेत. हुकूम एकाच माणसाने द्यायचा, चौघांनी ओरडायचे नाही. फाउंडेशनचे बोल्ट शेवटी, दोराने वजन पेलल्यावर सोडावेत. इंजिन चार बोटे वर आले की थांबावे, एखादी नळी किंवा तार अडकली का ते सभोवती फिरून पाहावे, आणि मगच पुढे उचलावे. डोलणारे इंजिन हाताने धरू नये, बांधलेल्या दोरीने आवरावे. गाडीतून सुटले की वर टांगून न ठेवता लगेच लाकडी चौकटीवर खाली टेकवावे. पोराबाळांना, कौतुकाने बघणाऱ्या पाव्हण्यांनाही, लांब उभे करावे. आणि कितीही घाई असली, बोल्ट कितीही जवळ दिसत असला, तरी टांगलेल्या इंजिनाखाली हात, पाय, डोके काहीही घालू नये.