गाणे कोणाचे, निर्णय कोणाचा?

चीनच्या ग्वेइचौ प्रांताच्या आग्नेय डोंगराळ भागात म्याव व तुंग जमातींची वस्ती आहे. १९५६ साली या प्रदेशाला स्वायत्त विभागाचा दर्जा मिळाला. तुंग भाषेला परंपरागत लिपी नव्हती; रोमन अक्षरांची लिपी तयार झाली ती १९५८ साली. तोवर इतिहास, नीती आणि व्यवहारज्ञान गाण्यांतूनच पुढच्या पिढीकडे गेले. वाद्याविना, अनेक स्वरांत गाइल्या जाणाऱ्या या समूहगानाला युनेस्कोने २००९ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

२०१४ च्या अखेरीस ग्वेइयांग-ग्वांगचौ जलदगती रेल्वे सुरू झाली. चाओशिंग गावातील पाच ढोलमनोरे प्रवाशांच्या आटोक्यात आले. रेल्वे व रस्ते यांचे स्वागतच केले पाहिजे. डोंगरातल्या माणसाचे दारिद्र्य हीच त्याची संस्कृती मानून ते जपू पाहणे, हा पोटभरल्यांचा निर्दय छंद होय.

परंतु जिवंत गावाला तिकीट लागते, तेव्हा प्रश्न बदलतो. गावकरी तेथे घरधनी आहेत की प्रदर्शनातील वस्तू? तरुण मुले ग्वांगतुंगच्या कारखान्यांत राबत असतील, तर म्हातारे गाणे शिकवणार कोणाला? ठरल्या वेळी रंगमंचावर म्हटलेले गीत टाळ्या मिळवील. ते नातवंडांच्या ओठी रुजेलच असे नाही.

पर्यटनाच्या मिळकतीचा हिशेब, मुलांच्या शाळेची भाषा आणि गावाचे रूप यांवर गावकऱ्यांचा शब्द अखेरचा असेल, तरच स्वायत्ततेला अर्थ आहे. एरवी ती केवळ पाटीवर उरते.