उपकरण घडविणाऱ्या हातांचा मान

आम्ही वैद्यक व्यवसायातील माणसे क्ष-किरण शरीरातून पाठवितो. खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण टिपतात. वातावरण ते शोषून घेते, म्हणून उपकरण अग्निबाणातून वर न्यावे लागते. १८ जून १९६२ रोजी न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्सहून रिकार्डो जियाकोनी व सहकाऱ्यांनी असा अग्निबाण सोडला. ८० किलोमीटरच्या वर त्याला जेमतेम ३५० सेकंद मिळाले. तेवढ्यात वृश्चिक राशीतील क्ष-किरणांचा प्रखर उगम सापडला. २००२ साली जियाकोनींना नोबेल पारितोषिक लाभले.

पुढे क्ष-किरण कॅमेरेही अग्निबाणांतून गेले. उड्डाणापूर्वी प्रयोगशाळेत त्यांचे अंशांकन करावे लागते. लोह-५५ या समस्थानिकापासून मिळणाऱ्या क्ष-किरणांची ऊर्जा ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. ते कॅमेऱ्यावर पाडून त्याची मोजपट्टी ठरवितात. हे काम मिनिटांचे नव्हे, महिनोन्‌महिन्यांचे. न पारखलेल्या उपकरणाचा आकडा म्हणजे रोगी न तपासता केलेले निदान होय.

आपली मुले डॉक्टर वा संगणकतज्ज्ञ व्हावीत, ही आपणा पालकांची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु एखाद्या मुलीचे मन कार्यशाळेत रमत असेल, तर तिला अडवू नये. उपकरण घडविणारा हात बुद्धीहून कमी प्रतीचा नसतो, असे आमचे ठाम मत आहे.