साधन दिले, वाट दिली नाही

कोकणचा सागरी रस्ता सायकलप्रवाशांना प्रिय झाला, याचे कारण उघड आहे. मोटारींची वर्दळ कमी आणि दाभोळ, जयगडच्या खाड्या फेरीबोटीने ओलांडावयाच्या. रेवस-रेडी मार्गासाठी त्याच खाड्यांवर आता पूल येऊ घातले आहेत. तेव्हा हौशी सायकलस्वारांसाठी मोटारमुक्त वाटा राखाव्यात, ही मागणी गैर नाही.

परंतु किनाऱ्यापासून दूरच्या जालना जिल्ह्यात सायकल ही हौस नव्हे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शासनच सायकली देते. आणि गळीत हंगामात अंबड-घनसावंगीकडे याच मुलींना दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांना चुकवीत शाळा गाठावी लागते. बदनापूर व जालना तालुक्यांतील जमिनी घेऊन १२० मीटर रुंदीचा समृद्धी महामार्ग गेला. त्यावर सायकलच काय, मोटारसायकललाही मज्जाव आहे. वेगाच्या दृष्टीने तो योग्यही असेल. पण ज्यांची जमीन गेली त्यांच्या वाटेचे काय?

नेदरलँड्समधील सायकलमार्ग काही पर्यटन खात्याच्या कृपेने झाले नाहीत. १९७१ साली तेथे अपघातांत ४०० हून अधिक मुले दगावली, पालक रस्त्यावर उतरले आणि १९७३ च्या तेलटंचाईने सरकारलाही जाग आली. जालन्यात निदान शाळांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेने, मुरमाची का होईना, स्वतंत्र पट्टी हवी. जिल्हा नियोजन समितीने तिच्यासाठी तरतूद करावी, असे ठराव कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून मंजूर करून घ्यावेत. तेही पुढचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी.