मुक्या प्राण्यांचें ऋण

गेल्या वार्षिक खेळांत आमचा एक चपळ धांवपटु टाचेमागील कंडरा तुटून मैदानावर कोसळला. कांहीं महिन्यांनीं तो वर्गांत परतला, तेव्हां अशा दुखापतींचा अभ्यास उंदरांवर करितात, असें मीं ओघानें सांगितलें. त्यानें विचारलें, "सर, मग तो उंदीर पुन्हां धांवतो काय?"

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशीं जोडणारी चिवट दोरी. तिला रक्ताचा पुरवठा बेताचाच असल्यामुळें ती सावकाश भरून येते, आणि भरली तरी पूर्वीसारखी बळकट क्वचितच होते. तिचे तुकडे मनुष्याच्या देहांतून वारंवार काढून पाहतां येत नाहींत. म्हणून संशोधक प्राण्यांकडे वळतात. उंदराच्या खांद्यांतील हाडाची कमान आपल्यासारखीच असते, हें पाहून अमेरिकेंतील लुई सोस्लोस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९६ सालीं खांद्याच्या कंडरेच्या विकारासाठीं उंदराचा नमुना पुढें मांडला. कोणी कंडरा शस्त्रानें कापतात, तर कोणी उंदरांना फिरत्या पट्ट्यावर अनेक आठवडे धांवावयास लावितात.

अशा प्रयोगांवर सरसकट बंदी घालावी, असें मी म्हणत नाहीं. परंतु तरुण, निरोगी उंदराची कापलेली कंडरा लवकर सांधते. मनुष्याची कंडरा बहुधा वर्षानुवर्षें आंतून झिजून मग तुटते. नमुना मूळ विकाराशीं जुळत नसेल, तर अनुमान लंगडें पडतें आणि जीवहि व्यर्थ जातो. शर्यतीच्या घोड्याच्या पुढील पायाची कंडरा मात्र धांवतां धांवतांच दुखावते, व तो विकार आपल्या टाचेच्या विकाराशीं पुष्कळ जुळतो. त्या घोड्यावर उपचार करीत शिकल्यास त्याचेंहि हित साधतें. घोडा खर्चिक खरा, आणि त्यावर सर्व प्रश्न सुटणार नाहींत. तरी जेथें ही वाट मोकळी आहे, तेथें नवी जखम कां करावी?

रसेल व बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९५९ सालींच तीन नियम सांगितले: शक्य तेथें प्राण्याऐवजीं दुसरें साधन वापरावें, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि त्यांच्या वेदना कमी कराव्या. आपल्या देशांतहि १९६० च्या कायद्यानें अशा प्रयोगांवर देखरेखीची तरतूद केली आहे. तथापि कायदा दारापर्यंतच येतो. आंत शस्त्र धरणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धि एकटीच असते.

त्या मुलाला मीं खरें तेंच सांगितलें: "नाहीं, बाळ. कंडरा तपासण्यासाठीं शेवटीं बहुधा त्याला मारावें लागतें." तो बराच वेळ आपल्या टाचेकडे पाहत राहिला. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां प्रयोगशाळेंत जाईल. शस्त्र उचलण्यापूर्वीं त्यानें हा प्रश्न एकदां स्वतःस विचारावा.