बाटलीतलं गोड पाणी आणि शाळेतला कोरडा नळ

शाळकरी मुलांच्या कोल्ड्रिंकचा विषय निघाला की बोट शेवटी आईकडे वळतं. 'आया धड डबा देत नाहीत', 'बायका नोकऱ्या करतात, मग पोरं बाहेरचं पितात', 'लाडावून ठेवलंय'. पालकसभेत हेच, वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीत हेच आणि शाळेत भाषणाला आलेल्या डॉक्टरांच्या तोंडीही हेच. म्हणूनच हा विषय स्त्रियांच्या गटांनी हातात घ्यायला हवा असं मला वाटतं. 'आहारतज्ज्ञांचं काम' म्हणून तो सोडून दिला, तर त्याचं उत्तर पुन्हा आपल्याच स्वयंपाकघरात शोधलं जाईल.

आमच्या वस्तीत आठवी ते दहावीच्या मुलींचा गट चालतो. तिथे मी 'किती पिता?' असं विचारत नाही. तसं विचारलं की मुली आपल्याला आवडेल तेच उत्तर देतात. 'कधी पिता?' असं विचारते. मग गोष्टी बाहेर येतात. एक जण म्हणाली, "ताई, शाळेत पाणी प्यायलं की संडासला जावं लागतं. तिथे कडी नाही, पाणी नाही. म्हणून मी दिवसभर पीतच नाही. सुटल्यावर डोकं दुखतं, मग टपरीवर थंड घेते." दुसरी सकाळी चहा-खारीवर घरातून निघते. साडेअकराला पोटात कावळे ओरडायला लागतात. दहा रुपयांत वडापाव येत नाही, आंब्याच्या रसाचा पुडा मात्र येतो. तिसरीचं उत्तर मला फार मोलाचं वाटलं. ती म्हणाली, "तेवढे दहा रुपये माझे असतात. काय घ्यायचं ते मी ठरवते."

या तीन उत्तरांत तहान आहे, भूक आहे आणि स्वतःच्या मर्जीची इवलीशी जागा आहे. यातली एक तरी गोष्ट 'साखर वाईट' असं फळ्यावर लिहून सुटणारी आहे का?

साखर वाईट आहे, हे खरंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. कोलाच्या १०० मिलीमध्ये १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे पाव लिटरची एक बाटली रिकामी झाली की दिवसाचा वाटा संपला. त्यातून ना लोह मिळतं, ना प्रथिनं. भूक मात्र तेवढ्यापुरती मरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं दिसलं. या मुलींच्या पोटात अन्नाच्या जागी गोड पाणी जातंय, हा माझ्या दृष्टीने खरा धोका आहे. लठ्ठपणाची चर्चा तेवढी सगळे करतात, कारण मुलीच्या अंगाकडे बघायची सवय सगळ्यांनाच आहे!

आता नळाकडे वळू. सर्व शाळांमध्ये सहा महिन्यांत पिण्याचं पाणी आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये दिला. स्वच्छतागृहं बांधली गेली, त्यांचे फोटो निघाले. पण बांधणं वेगळं आणि चालू ठेवणं वेगळं. टाकीत पाणी कोण भरणार, साफ कोण करणार, कडी कोण बसवणार? पाळीच्या दिवसांत तर मुली घोटभर पाणीही टाळतात. शाळेचा नळ कोरडा असतो, गेटसमोरचा फ्रिज मात्र भरलेला असतो. त्या फ्रिजवर कंपनीचं नाव रंगवलेलं असतं, म्हणजे तो तिथे कुणाच्या सोयीसाठी उभा आहे ते सांगायला नको.

भुकेचंही तसंच. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. नववीत गेली की मुलीची खिचडी बंद! ज्या वयात अंग भराभर वाढतं, पाळी सुरू झालेली असते, दहावीच्या अभ्यासाचं ओझं येतं, नेमक्या त्याच वयात सरकार ताट काढून घेतं. मग ही मुलं मधल्या सुट्टीत कुठे जाणार? रिकाम्या झालेल्या त्या जागेत दहा रुपयांची बाटली अलगद येऊन बसते.

कंपन्यांना ही जागा फार पूर्वीपासून माहीत आहे. १९७७ मध्ये देश सोडून गेलेली कोका-कोला १९९३ मध्ये परत आली आणि त्याच वर्षी आपल्या ओळखीची थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही नावं तिने विकत घेतली. खेड्यापाड्यांत शिरण्यासाठी २००३ च्या सुमारास पाच रुपयांची छोटी बाटली आली. आमच्याकडे प्लास्टिकच्या नळीत गोठवलेल्या रंगीत गोड पाण्यालाही पोरं 'पेप्सी'च म्हणतात. कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. पण नाव जिभेवर बसलं, ते काही उगाच नाही.

जाहिरातीही नीट बघा. कोलाच्या जाहिरातीत डोंगरावरून उडी मारणारा बहुधा 'तो' असतो. दुधात घालायच्या पावडरीच्या जाहिरातीत मात्र आई असते, काळजीत पडलेली. मूल मागे पडेल ही भीती तिला विकायची आणि त्यावर उपाय म्हणून साखरेचा डबाही तिलाच विकायचा. 'हेल्थ ड्रिंक' नावाचा कुठलाही प्रकार अन्नसुरक्षा कायद्यात नाही, हे सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं ते एप्रिल २०२४ मध्ये. तोवर किती आयांनी पोटाला चिमटा घेऊन ते डबे आणले असतील? ओआरएसचंही तसंच. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. त्याच्या कितीतरी पट साखर असलेली पेयं 'ओआरएस' या नावाने औषधाच्या दुकानांत विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षं एकटीने पाठपुरावा केला, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असं नाव वापरायला मनाई केली. एका बाईने चिकाटी धरली तर काय होतं ते यातून दिसतं. अधिकारी आपणहून किती हलतात, तेही दिसतं.

नियमांची तशी वाण नाही. मे २०१७ मध्ये राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांत जंकफूड विकायला बंदी केली. २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. कॅफिनच्या पेयांवर 'मुलांसाठी नाही' असं छापावं लागतं. तेही वीस रुपयांना मिळतं आणि छापलेलं वाचायला भिंगच लागतं. ५० मीटर मोजायला टेप घेऊन आजवर कोण आलं? आणि आलंच, तर हातगाडीवाल्या मावशीवर कारवाई होईल, फ्रिज देणाऱ्या कंपनीवर नाही. आपली मागणी मांडताना हे भान हवं. त्या मावशीचं पोटही त्याच गाडीवर आहे.

कराचीही गंमत आहे. सप्टेंबर २०२५ पासून फसफसणाऱ्या गोड पेयांवर ४० टक्के जीएसटी झाला. चांगलं झालं. पण त्याच वेळी फळांच्या रसाच्या पेयांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आंब्याचं चित्र छापलं की साखर कमी होते का? पुड्यातला 'आंबा' कोलाइतकाच गोड असतो, आणि शाळेच्या दारात तोच सगळ्यात जास्त खपताना मी बघते.

मैत्रिणींनो, या साखरेची दुसरी बाजू तर आपल्या दाराशीच आहे. बीडची ऊसतोड कामगार नवऱ्याबरोबर मिळून एक 'कोयता' म्हणून मोजली जाते. उचल नवऱ्याच्या हातात, मुकादमाच्या वहीत तिचं वेगळं नाव नाही. खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळी, बाळंतपण, आजारपण, सगळ्याला खाडाच. राज्याने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची माहिती आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'फुलर प्रोजेक्ट'च्या पत्रकारांनी दाखवून दिलं की बड्या शीतपेय कंपन्या महाराष्ट्रातल्या कारखान्यांची साखर घेतात. म्हणजे एका बाईच्या शरीरातून पिळून काढलेली साखर दुसऱ्या बाईच्या मुलीला स्वस्तात विकली जाते. आणि ऊसतोडीच्या हंगामात जिची शाळा सुटते, तीही मुलगीच.

पाण्याचीही तीच कथा. केरळातल्या प्लाचीमडा गावात २००० साली कोका-कोलाचा कारखाना सुरू झाला आणि आदिवासी बायकांच्या विहिरी खराब झाल्या. मयिलम्मा नावाची आदिवासी बाई लढ्याच्या पुढे उभी राहिली आणि मार्च २००४ मध्ये कारखाना बंद झाला. हंडा डोक्यावर असतो तिलाच पाण्याचं राजकारण आधी कळतं.

आता 'पारंपरिक पेयां'बद्दल. पन्हं, ताक, कोकम सरबत पाजा, असा सल्ला सगळे देतात. मलाही पन्हं आवडतं. पण पहाटे चारला उठून पाणी भरणाऱ्या, पोळ्या लाटून सहाची लोकल पकडणाऱ्या बाईला 'ताकही घुसळ' असं सांगणारे स्वतः काय करणार आहेत? शिवाय गूळ-साखर पन्ह्यातही असतेच. मुलांच्या आरोग्याचा भार आईच्या आणखी एका तासावर टाकून कंपनी आणि सरकार मोकळे होणार असतील, तर तो सल्ला आपल्याला नको.

मला वाटतं आपल्या मागण्या साध्या असाव्यात. शाळेत प्यायच्या पाण्याचा चालू नळ आणि कडी लागणारं, रोज साफ होणारं स्वच्छतागृह. पोषण आहार दहावीपर्यंत, त्यात अंडं किंवा केळं, आणि तो शिजवणाऱ्या बायकांना मानधन नव्हे, पुरता पगार. साखर असेल तिथे सारखाच कर, मग बाटलीवर आंबा असो की बुडबुडे. पुड्याच्या पुढच्या बाजूला ठळक इशारा. ऊसतोड बाईचं नाव वहीत आणि मजुरी तिच्या हातात. शाळेच्या दारातली गाडी कंपनीच्या फ्रिजऐवजी बचत गटाची असली, तिथे दहा रुपयांत काही पोटभर मिळालं, तर मुलींच्या मर्जीलाही जागा राहील. बंदीने ती राहत नाही. तिचे दहा रुपये तिचेच राहू द्या. त्यांत तिला निवडता येईल असं काहीतरी समोर असू द्या.

येत्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला जाल, तेव्हा 'डब्यात काय देता?' या प्रश्नाचं उत्तर देत बसू नका. 'नळाला पाणी कधी येणार?' हे आधी विचारा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. तुमच्या गावातल्या शाळेत काय आढळलं, ते आम्हाला जरूर कळवा. ते सगळं एकत्र मांडलं, तर बोट कुठे वळवायचं हे आपल्याला ठरवता येईल.