वैमानिकांच्या झोपेत सवलत देणाऱ्या महासंचालनालयास

महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

महोदय,

१७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूरहून पुण्याला विमान न्यायला निघालेला इंडिगोचा कॅप्टन बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि मरण पावला. वय ४०. आदल्या दिवशी पहाटे तीन ते सात त्याने त्रिवेंद्रम-पुणे-नागपूर अशी दोन उड्डाणं केली होती. १७ तारखेला चार करायची होती. मधे २७ तासांची विश्रांती झाली होती, असं कंपनीने सांगितलं. हा मृत्यू थकव्यानेच झाला असं म्हणता येणार नाही. पण पहाटेची ड्युटी आणि दुसऱ्या दिवशी चार उड्डाणं हे रोस्टर ड्युटी-विश्रांतीच्या नियमांत चोख बसत होतं, आणि वैमानिकांची तक्रार नेमकी त्या नियमांबद्दलच होती.

जानेवारी २०२४ मध्ये आपण नवे नियम काढले. ते चांगलेच होते. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोन, आणि रात्र मोजायची ती पहाटे पाचऐवजी सहापर्यंत. अंमल १ जून २०२४ पासून व्हायचा होता. मार्चमध्येच आपण तो पुढे ढकललात. अखेर दिल्ली उच्च न्यायालयासमोर तारखा द्याव्या लागल्या, तेव्हा पहिला टप्पा १ जुलै २०२५ ला आणि दुसरा १ नोव्हेंबरला लागू झाला. कंपन्यांना तयारीसाठी जवळपास दोन वर्षं मिळाली.

तरी इंडिगोची तयारी झाली नाही. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणं रद्द झाली, १,८५२ रखडली, तीन लाखांहून जास्त प्रवासी अडकले. त्यावर ५ डिसेंबरला आपण काय केलंत? साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, हे कलम सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतलंत. इंडिगोच्या ए-३२० वैमानिकांच्या रात्रीच्या ड्युटीवरची बंधनं १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सैल केलीत. दुसरा टप्पा लागू होऊन पाच आठवडेही झाले नव्हते. ज्या कंपनीने माणसं नेमली नाहीत तिला सूट मिळाली, आणि तिची किंमत रात्री विमान उतरवणाऱ्यांवर पडली. पुढे जानेवारीत २२ कोटी २० लाखांचा दंड झाला. त्यातून एकाही वैमानिकाला तासभर झोप परत मिळाली नाही.

थकव्याची किंमत सांगणारा मंगळुरू अपघाताचा चौकशी अहवाल आपल्याच दप्तरात आहे. २२ मे २०१० ला दुबईहून रात्रभर उडून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमारास धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. संध्याकाळी मंगळुरूहून दुबईला गेलेले वैमानिकच ते परत आणत होते. कॉकपिटमधल्या दोन तास पाच मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात पहिली सुमारे एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेला होता. उतरताना सहवैमानिक विमान पुन्हा वर घ्यायला सांगत राहिला. झोपेतून उठल्यावर मेंदूवर राहणारी सुस्ती चौकशी न्यायालयाने नोंदवली आहे.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, कोझिकोडला पुन्हा तेच झालं: सकाळी दुबईला जाऊन संध्याकाळी परतणारे तेच वैमानिक. २१ जण गेले, त्यांत विमानाचे कॅप्टन दीपक साठेही होते. तिथली मुख्य कारणं वेगळी होती, हे खरं. पण कोझिकोडला पुरेसे कॅप्टन नव्हते, साठे यांना दुसऱ्या दिवशी सकाळीही उड्डाण करायचं होतं, आणि तिथेच उतरण्याच्या आग्रहामागे हे होतं, असं अहवालात लिहिलं आहे. वैमानिक कमी ठेवून वेळापत्रक भरगच्च आखलं की भार कुणावर येतो, हे आपल्याला सोळा वर्षांपासून माहीत आहे.

थकव्याचे तिमाही अहवाल कंपन्यांनी आपल्याला द्यायचे, हे आपल्याच २०२४ च्या नियमांत आहे. ते लोकांसमोर ठेवा. ‘मी थकलो आहे, उडू शकत नाही’ असं किती वैमानिकांनी कळवलं, त्यांपैकी किती जणांचं मान्य झालं आणि ५ डिसेंबरनंतर किती साप्ताहिक सुट्ट्या रजेतून वळत्या झाल्या, हे कंपनीनिहाय जाहीर करा. आणि रजेचं ते कलम पुन्हा लागू करा, या वेळी सवलतीची तारीख न जोडता.