रिटेक नसलेला दिवस

‘दोन कॅमेरे, एक दिवस, सिंगापूर. हायलाइट्स त्याच रात्री पाहिजेत. रेट पाठवा.’

असा निरोप आपल्यापैकी प्रत्येकाच्या फोनवर कधी ना कधी आलेला आहे, आणि बहुतेकांनी पाच मिनिटांत त्याला आकडा पाठवलेला आहे. मीही पाठवलेला आहे. हा अंक सिंगापूरमधल्या कॉर्पोरेट कार्यक्रमांच्या चित्रीकरणासाठी ठेवला आहे, म्हणून पहिल्याच पानावर सांगतो: कार्यक्रम कशासाठी आहे आणि फिल्म कोण पाहणार आहे, हे ज्या निरोपात नसते, त्याला रेट पाठवण्याआधी प्रश्न पाठवावेत.

सिंगापूरच का? कारण आपले काम तिकडे जाते आहे. २०२४ मध्ये भारतातून सिंगापूरला गेलेल्या पाहुण्यांची संख्या बारा लाखांच्या आसपास होती. चीन आणि इंडोनेशियानंतर भारताचाच क्रमांक. त्यात कंपन्यांच्या खर्चाने जाणारे डीलर, विमा एजंट, विक्री प्रतिनिधीही असतात. मुंबईहून साडेपाच तासांचे विमान, मरीना बे सँड्स, सनटेक, चांगीजवळचे सिंगापूर एक्स्पो अशी मोठी सभागृहे आणि शाकाहारी जेवणाची सोय, एवढ्यावर कंपनीचा निर्णय होतो. मग पुणे, नाशिक, कोल्हापूरची आपली मंडळी ट्रायपॉड बांधून निघतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका डीलर परिषदेला आमची टीम होती. हॉटेलचा बॉलरूम, तीन कॅमेरे, सगळे स्टेजवर रोखलेले. दिवा स्टेजवर, प्रेक्षकांत अंधार. संध्याकाळी सत्काराच्या वेळी सांगलीकडच्या एका जुन्या डीलरचे नाव पुकारले गेले. तीस वर्षांची एजन्सी, गुडघे थकलेले, स्टेजच्या पायऱ्यांकडे पाहून ते खालीच थांबले. ते पाहून चेअरमन स्वतः स्टेजवरून उतरले, त्यांच्यापर्यंत चालत गेले आणि त्यांना मिठी मारली. सारा हॉल उभा राहिला. दोन दिवसांच्या परिषदेतला तो सर्वांत खरा क्षण होता, आणि आमच्या कार्डांवर तो अंधारात हलणाऱ्या दोन सावल्या एवढाच आला. रात्री चेअरमनच्या स्वीय सचिवांशी बोलताना कळले, ‘साहेब दरवर्षी एकदा तरी खाली उतरतातच.’ ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. आम्ही विचारली नव्हती. एक जास्तीचा दिवा आणि हातात धरलेला एक कॅमेरा, एवढीच त्याची किंमत होती.

लग्नात वरमाला पुन्हा घालायला लावणारे आहेत. चेअरमनना पुन्हा मिठी मारा म्हणता येत नाही. आपल्या कामातला अवघड भाग इथे आहे. जे घडणार आहे त्याची एकच संधी मिळते, म्हणून ते घडण्याआधीच आपले बरेचसे काम संपलेले असावे लागते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण सिंगापूरमध्येच घडले. १२ जून २०१८ रोजी सकाळी नऊच्या सुमारास सेंटोसा बेटावरच्या कपेला हॉटेलात डोनाल्ड ट्रम्प आणि किम जाँग उन यांनी हस्तांदोलन केले. दोघे दोन बाजूंनी चालत आले, दोन्ही देशांच्या झेंड्यांच्या रांगेसमोर मध्यावर भेटले, आणि हात बारा-तेरा सेकंद हातात राहिला. सिंगापुरात सकाळचे नऊ म्हणजे वॉशिंग्टनमध्ये आदल्या रात्रीचे नऊ, टीव्हीसमोर माणसे बसलेली असतात ती वेळ. त्या भेटीसाठी अडीच हजारांहून अधिक पत्रकार शहरात होते. त्यांचे माध्यम केंद्र एफ-वन शर्यतीच्या पिट बिल्डिंगमध्ये होते आणि प्रत्यक्ष जागेवर मोजकेच कॅमेरे. कोण कुठून येणार, कुठे थांबणार, मागे काय दिसणार, हे आधी ठरलेले असल्याशिवाय ते बारा सेकंद तसे मिळत नाहीत. आपल्या डीलर परिषदेला जगाचे डोळे लागलेले नसतात, पण त्या सांगलीकरांच्या घरच्यांसाठी तो क्षण तेवढाच मोठा होता.

म्हणून पहिली बैठक कॅमेऱ्यांच्या संख्येवर घेऊ नका. कार्यक्रमाचे मिनिट-टू-मिनिट मागा आणि त्यातली प्रत्येक ओळ बोटाने दाखवत विचारा: इथे कोण येते, कुठून येते, पोडियमवर बोलते की फिरत बोलते, हातात माइक असतो की कॉलरला, खाली उतरते का, कोणाला भेटते. फिल्म कर्मचाऱ्यांसाठी आहे, गुंतवणूकदारांसाठी की पुढच्या वर्षीच्या डीलरांना ओढण्यासाठी, तेही विचारा. तिन्हींना लागणारे शॉट वेगळे आहेत. पाहुण्यांची नावे आणि हुद्दे लेखी घ्या. सिंगापूरमध्ये चिनी नावात आडनाव आधी येते. माजी पंतप्रधान ली सिएन लूंग यांचे आडनाव ली, लूंग नव्हे. नावाच्या पट्टीत ही चूक झाली तर संपूर्ण फिल्म परकी वाटते.

दुसरी गोष्ट रेकी. फोटो पाहून केलेली रेकी ही रेकी नव्हे. साधा हिशेब पाहा. मोठ्या हॉलमध्ये कॅमेऱ्याची जागा स्टेजपासून २५ मीटरवर मिळते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २०० मिमीची लेन्स लावली, तर त्या अंतरावर फ्रेमची रुंदी साडेचार मीटर आणि उंची अडीच मीटर होते. म्हणजे वक्ता नखशिखांत दिसतो, चेहरा दिसत नाही. कमरेपर्यंतचा शॉट हवा असेल तर फ्रेम १.८ मीटर रुंद लागते, म्हणजे लेन्स ५०० मिमीची. ४-के शूट करून एडिटमध्ये एचडी कापली तरी ती २०० मिमीची लेन्स ४०० मिमीएवढेच काम देते. हा हिशेब मुंबईत बसून झाला असेल तर लेन्स बरोबर येते. हॉलमध्ये पोचल्यावर झाला तर भाड्याने शोधत फिरावे लागते, तेही शनिवारी संध्याकाळी.

मागची एलईडी वॉल हा आजचा सर्वांत मोठा त्रास आहे. वॉलवर रेषा आणि लहरी उमटतात, वक्त्याचा चेहरा निळसर होतो. सिंगापूरची वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे २५ फ्रेम्स आणि १/५० शटर ही सुरुवात ठीक. पण वॉलचा रिफ्रेश रेट तंत्रज्ञाला विचारून, आदल्या रात्री कंटेंट चालू ठेवून, प्रत्येक कॅमेऱ्यातून पाहूनच शटर नक्की करा. वॉलची चमक कमी करायला सांगायची वेळ तीच असते. सकाळी साडेआठला कोणी ऐकत नाही. प्लग मात्र तिथे तीन चौकोनी पिनांचे असतात. अडॅप्टर पुरेसे न्या आणि विजेच्या लाइनचे काम तिथल्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडेच सोपवा.

आवाजाबद्दल एकच नियम पाळा: तीन जागी रेकॉर्ड करा. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक फीड, स्वतःचा रेकॉर्डर पोडियमजवळ, आणि कॅमेऱ्यावरचा माइक टाळ्यांसाठी. ‘फीड मिळेल’ हे फोनवरचे उत्तर पुरेसे नाही. लाइन लेव्हल की माइक लेव्हल, कुठली केबल, किती लांब, हे लिहून घ्या. चित्र थोडे हलले तर चालून जाते. चेअरमनचे वाक्य तुटले तर फिल्म संपते.

सिंगापूरची हवाही नियोजनात धरावी लागते. शहर विषुववृत्तापासून जेमतेम एका अंशावर आहे. सूर्य वर्षभर सकाळी सातच्या आसपास उगवतो, संध्याकाळी सातच्या आसपास मावळतो आणि संधिप्रकाश पाऊण तासही टिकत नाही. मरीना बेच्या पार्श्वभूमीवर सगळ्या डीलरांचा गटशॉट हवा असेल तर चहा सात वाजता ठेवून भागत नाही. माणसे पावणेसातला जागेवर उभी पाहिजेत, आणि हे एजन्सीच्या वेळापत्रकात छापलेले पाहिजे. दुपारच्या गडगडाटी पावसासाठी छताखालची दुसरी जागा आधी हेरून ठेवा. थंडगार हॉलमधून कॅमेरा एकदम बाहेर काढला की दमट हवेने लेन्स पांढरी होते. बंद बॅगेत अर्धा तास आधी बाहेर नेऊन ठेवला की हा प्रश्न उरत नाही.

आता कागद. भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो, आणि पर्यटक व्हिसावर काम करता येईल असे धरून चालू नका. आपले काम तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या सवलतीच्या यादीत बसते का, हे यजमान कंपनीकडून लेखी घ्या. उपकरणांसाठी एटीए कार्नेट काढा. भारतात ते फिक्की देते, एक वर्ष चालते, आणि त्यातल्या यादीत प्रत्येक वस्तू सीरियल नंबरसह लिहावी लागते. सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या सामानात. १०० वॅट-अवरपर्यंतच्या सहज जातात, १०० ते १६० च्या दोन, त्याही विमान कंपनीच्या परवानगीने, त्याहून मोठ्या नाहीत. ९८-९९ वॅट-अवरच्या व्ही-माउंट बॅटऱ्या याच नियमासाठी बनतात. ड्रोन २५० ग्रॅमहून जड असेल तर नोंदणी सक्तीची आहे. व्यावसायिक चित्रीकरणाला परवाना लागतोच, शिवाय विमानतळ आणि हवाई तळांच्या पाच किलोमीटर आत किंवा २०० फुटांहून उंच उडवण्यावर निर्बंध आहेत, आणि त्या छोट्या बेटावर पाच किलोमीटरचे ते वर्तुळ बहुतेक जागांवर येऊन पडते. क्लायंटला ड्रोन शॉटचे वचन देण्याआधी नकाशा पाहा.

एका गोष्टीकडे मात्र खास लक्ष द्या, कारण तिथे आपल्या हक्काचा प्रश्न आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन करवून घेतलेल्या फिल्मची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याकडे जाते. सिंगापूरचा नवा कॉपीराइट कायदा २१ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झाला, आणि त्यात हे उलटे आहे: वेगळा करार नसेल तर पहिली मालकी फिल्म करणाऱ्याकडे राहते. म्हणजे एकच फुटेज, दोन कायदे, दोन मालक. करारात मालकी, वापराची मुदत आणि कोणत्या देशाचा कायदा लागू, या तीन ओळी नसतील तर भांडणाला जागा मोकळी राहते. तशीच पाहुण्यांची संमती. सिंगापूरचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०१२ चा आहे. चित्रीकरण चालू असल्याची पाटी प्रवेशद्वाराशी आणि तीच ओळ निमंत्रणात असावी, असा आग्रह आयोजकांकडे आपण धरावा. ज्यांना कॅमेऱ्यात यायचे नाही त्यांची बसायची जागा माहीत असावी. संध्याकाळच्या ऑर्केस्ट्रात गाणी वाजवायचा परवाना आयोजक घेतो, पण तेच गाणे फिल्मखाली टाकायला वेगळा हक्क लागतो.

शेवटी ‘त्याच रात्री पाहिजेत’ या तीन शब्दांचा हिशेब. १०० मेगाबिटने रेकॉर्ड केलेले फुटेज तासाला ४५ जीबी होते. तीन कॅमेरे, नऊ तास, म्हणजे १,२१५ जीबी. सेकंदाला २५० एमबी या वेगाने एक प्रत व्हायला ८१ मिनिटे, आणि दुसरी प्रत त्याच वेळी दुसऱ्या डिस्कवर गेली पाहिजे. मुंबईचे ऑफिस अडीच तास मागे असते. सिंगापुरात रात्री अकराला पाठवलेली फिल्म तिथे साडेआठला पोचते आणि दुरुस्त्या मध्यरात्रीनंतर परत येतात. म्हणून कार्ड जेवणाच्या सुट्टीत आणि चहाच्या वेळी उतरवणारा माणूस वेगळा लागतो. तोच कॅमेऱ्यावर उभा असेल तर त्या रात्री फिल्म होत नाही, आणि झाली तरी ती चांगली होत नाही.

हे सगळे काम कॅमेरा चालू होण्याआधीचे आहे. प्रश्न विचारणे, हॉल पायी मोजणे, कागद जमवणे, याद्या करणे. आपण ते करतो आणि बिलात लावत नाही, म्हणून क्लायंटला ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते सर्वांत आधी कापले जाते. पाहणीचा दिवस कापला की पहिला फटका कामाला बसतो, दुसरा आपल्या नावाला.

तेव्हा वाचकांना, विशेषतः नव्याने परदेशी कामे घेणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींना, एक विनंती. पुढच्या कोटेशनची पहिली ओळ कॅमेऱ्याची लिहू नका. ‘पूर्वनियोजन आणि जागेची पाहणी: दोन दिवस’ ही ओळ पहिली लिहा, तिच्यापुढे रक्कम लिहा, आणि बाकी कशावरही सूट द्या, तिच्यावर देऊ नका.